विषय क्रमांक सात

गच्ची सगळ्यांची, ओल माझी.
नेरुळच्या या चार मजली इमारतीत
सगळ्यात वर राहिल्याचं एवढंच फळ,
बेडरूमच्या छतावर दर श्रावणात
एक तपकिरी नकाशा उमटतो,
दर वर्षी एखादा तालुका वाढवून.

सभेत तो विषय क्रमांक सात होता.
सहावा पार्किंगचा. त्यातच नऊ वाजले.
चहाचे कप उचलता उचलता
सेक्रेटरी चौबळ म्हणाले, वॉटरप्रूफिंगचं कोटेशन मागवू,
आणि इतिवृत्तात लिहिलं गेलं,
चर्चा झाली.

कोटेशन द्यायला आला तो मुकादम,
पनवेलकडचा, एका पायाने किंचित लंगडणारा.
गच्चीभर घोट्याएवढं पाणी होतं,
त्यात ढग, डिशच्या छत्र्या,
आणि उलटी लटकलेली पाण्याची टाकी.
डांबराचं नाव न काढता
तो सरळ कोपऱ्यात गेला,
बाही दंडापर्यंत सारली
आणि अडलेली गाय सोडवावी
तसा हात आत घातला.

आधी सोनमोहराचा चिखल आला.
मग कबुतराची पिसं, मांजाचा गुंता,
दुधाच्या पिशव्यांचे कापलेले कोपरे,
शेवटी एक शटलकॉक, गच्च बसलेलं, बुचासारखं.
पाइप घशातल्या घशात काहीतरी बोलला
आणि सगळं आभाळ गोल गोल फिरत
वीतभर भोकात उतरून गेलं.

"पाण्यावर रागावू नका बाई," हात धुताना तो म्हणाला,
"वाट दिली नाही, तर ते विचारत बसत नाही."
दोनशे रुपये घेतले.
कोटेशन दिलंच नाही.

तेव्हापासून रविवारी मी वर जाते.
खरं काम कोरड्यातलं.
संक्रांतीचे पतंग संपले की,
दसऱ्याची तोरणं वाळली की,
आणि एप्रिलभर, सोनमोहर पिवळा पिवळा
झडत राहतो तेव्हा तर रोजच.
मोडक्या उलथन्याचा दांडा, रंगाचा जुना डबा.
जाळी उचलायची. खाली शेवाळ, एखादी गोम.
एकदा पिंपळाचं रोप निघालं,
वर दोनच पानं, मुळं पाइपात हातभर.
सासूबाई म्हणायच्या, पिंपळ उपटू नये.
मी माफ कर म्हणून उपटला,
डब्यात लावला.
तो जगला नाही, हेही सांगायला हवं.

रात्री सर येऊन गेली की भिंतीला कान लावते.
पाणी उतरत असतं
तिसऱ्यावरच्या वैद्यांच्या फोडणीमागून,
दुसऱ्यावर चौबळांच्या बातम्यांमागून,
आणि वॉचमनच्या खाटेशेजारी बाहेर पडून
खाडीच्या दिशेने चालू लागतं.
आपल्या पाठीमागून काय गेलं
ते कुणालाच कळत नाही.
मला कळतं. याचा थोडा गर्व आहे, कबूल.

गेल्या रविवारी वर गेले,
तर जाळी आधीच साफ.
पानं कठड्याशी नीट ढीग करून,
वर एक दगड, वाऱ्याने उडू नयेत म्हणून.
दगडाचं मला कधी सुचलं नव्हतं.
बरं वाटायला हवं होतं.
वाटलं ते असं, की कुणीतरी
माझ्या स्वयंपाकघरात शिरून
माझी भांडी घासून गेलंय.

जिन्यात चौबळ भेटले, कडक इस्त्रीत.
मी त्यांच्या नखांकडे पाहिलं. स्वच्छ.
वैद्यांच्या सुनेच्या हाताला मेंदी होती,
काही समजेना.
विषय सात अजून प्रलंबितच आहे.

संध्याकाळी पुन्हा वर गेले.
साफ जाळी उचलली,
कोपरापर्यंत हात घालून पाहिला.
काही नव्हतं. चार मजले खालून
थोडा गार वारा येत होता, गटाराच्या वासाचा.
जाळी बसवली.
दगड होता तिथेच राहू दिला.