मोहरी तडतडण्याआधी

डंडीत, टे नदीवरच्या उतारावर,
विद्यापीठाच्या तळघरात मला बसवलं.
डाव्या मनगटाला पट्टा, दोन बोटांना तारा.
पडद्यावर निळा चौकोन आला की कधीकधी झटका,
पिवळा आला की काही नाही.
"दुखणार नाही, फक्त आवडणार नाही,"
मोराग म्हणाली. वाऱ्याने तिचे कान लाल झालेले.

त्याआधी एका नळीत थुंकायचं होतं.
एकोणपन्नास वर्षांची बाई, हातात नळी,
आणि तोंड कोरडं ठाक.
शेवटी लिंबाचं लोणचं आठवलं,
मग भरली.

दुसऱ्या दिवशी निळा नुसताच येत राहिला.
झटका नाही. निळा. झटका नाही.
चाळिसाव्या वेळी मला जांभई आली.
"याला आम्ही विझणं म्हणतो," मोराग म्हणाली.

विझणं.
तिला सांगितलं नाही मी,
की चार वर्षांपूर्वी आमच्या तिसऱ्या मजल्यावर
फोडणीचं तेल पेटलं,
की घाबरून मीच त्यावर पाणी ओतलं,
आणि जाळ छताला चाटून आला.
तेव्हापासून मोहरी तडतडली
की माझ्याआधी माझा हात मागे येतो.
महिन्यातले काही दिवस मात्र यायचा नाही.
त्या दिवसांत मी वरणाला खुशाल फोडणी द्यायची,
वाटायचं, आज हवा बरी आहे.
कॅलेंडर तिथेच, फ्रिजवर,
दर महिन्याची फुलीही माझ्याच हातची;
पण हवेचा आणि फुलीचा मेळ
घालून पाहायचं सुचलं नाही.
आता तर फुल्याच थांबल्यात.

तिसऱ्या दिवशी निळा आला
आणि बोटांना घाम फुटला.
आलेखावरची रेघ टुणकन वर.
कालची जांभई कुठे गेली?

मोरागने खुर्ची ओढली.
म्हणाली, भीती पुसली जात नाही.
तिच्यावर दुसरी आठवण बसते, 'आता काही होत नाही' अशी,
आणि ती नीट बसायला इस्ट्रोजनचा हात लागतो, बहुतेक.
आम्हालाही सगळं कळलेलं नाही.
मग मेंदूचं चित्र दाखवलं:
आत खोल, दोन्ही बाजूंना,
बदामाएवढं काहीतरी.

बदाम!
परीक्षेच्या दिवसांत आई रात्री चार भिजत घालायची,
सकाळी सोलून तळहातावर ठेवायची,
खा, लक्षात राहील.
राहिलं गं आई.
नको तेवढंच राहिलं.

आता आठवड्यातून दोनदा
कमरेवर एक पारदर्शक टिकली चिकटवते.
डॉक्टरीणबाई म्हणाल्या, ही घामासाठी, झोपेसाठी;
भीतीचं मी वचन देत नाही.
बरं.

साडेतीनलाच अंधार.
समोरच्या धुराड्यावर एक सीगल कुणाशी तरी भांडतोय.
छतावरच्या अलार्मचा लाल ठिपका
मिनिटाला एकदा डोळा उघडतो.
कढईत चमचाभर तेल,
झाकण उजव्या हाताशी.
मोहरीचा एकच दाणा टाकते.
तो तळाशी फिरतो,
कडेला जाऊन थांबतो.

हात काय करेल, ठाऊक नाही.
मी अजून ओट्यापाशीच आहे.