मुरलेलं पाणी

सप्टेंबर सरत नाही तोच इथे गाडीच्या काचेवर बर्फाची साय धरते.
मी रबरी बूट छातीपर्यंत ओढून तळ्यात उतरते.
तळं कसलं, नगरपालिकेच्या नकाशावरचा
'पावसाळी पाण्याचा साठा, क्रमांक चार'.
मागे एका साच्यातली करडी घरं, पुढे कापून झालेला गहू,
आणि मधल्या गढुळात ही नारिंगी वळवळ.

कुणीतरी दोन सोडले असतील कधी.
किंवा एकच, गाभोळीनं फुगलेली, आणि मग तिच्या सोबतीला दुसरा.
आता जाळं ओढायला तीन माणसं लागतात.
ताटाएवढे गोल्डफिश. तळ उकरतात,
सॅलमॅंडरची अंडी गिळतात,
आणि वर हातभर बर्फ, खाली श्वास संपलेला, तरी मरत नाहीत.
अंगातच दारू गाळतात म्हणे, त्या तारेत वसंताची वाट बघतात.
माझ्या ओस्ताप काकानंही एक हिवाळा हेच केलं होतं.
तो मार्चमध्ये उठला नाही.

लॉयल पिंपात लवंगेचं तेल ओततो.
आधी वास येतो, आईच्या बीटच्या लोणच्याचा,
मग कल्ले मंदावतात,
मग मी दुसरीकडे बघते. तेवढंच पुरतं बहुधा.

घरी माझी टाकी आहे. साठ लिटर. सहा टेट्रा, एक गोगलगाय,
एक जुनाट लाकूड, ज्यावर शेवाळ आपल्या मर्जीनं वाढतं.
दर रविवारी पाव हिस्सा पाणी काढते, पाव भरते,
नळाच्या पाण्याचा क्लोरीन आधी मारून.
चिमूटभर दाणे, त्याहून कमी असतील तर आणखी बरं.
लोक मासे पाळतात. मी पाणी पाळते,
मासे त्यात आपले आपण राहतात.
काढलेलं पाणी कुंड्यांना. छाटलेल्या वेली
आधी फ्रीझरमध्ये, मग कचऱ्यात.
एक पानही नाल्याला लागू देत नाही.
शेजारी हसतात. हसू देत.

मंगळवारी दारात टोबिन. वय नऊ, हातात बरणी.
"आम्ही रेजायनाला चाललोय. बाबा म्हणतात सार्जंटला
तळ्यात सोड, मोकळा होईल."
बरणीत सार्जंट. बोटभर. शेपटीला एक पांढरा ठिपका.
मी म्हणणार होते, पिंपात असे चारशे आहेत, पोरा.
म्हटलं, "बूट काढ. आत ये."

माझ्या टाकीत त्याला जागा नाही.
एक जीव वाढला की सगळा हिशोब कोसळतो:
आधी पाणी दुधाळ, मग टेट्रा पृष्ठाशी येऊन
तोंडं उघडी टाकतात.
म्हणून तळघरातली जुनी टाकी घासून काढली.
पण नवं पाणी कच्चं असतं.
दिसतं स्वच्छ, आणि जाळतं.
ते मुरावं लागतं, आठवडेच्या आठवडे, लोणच्यासारखं.
टोबिननं विचारलं, "लवकर नाही का होणार?"
मग माझ्या फिल्टरमधला मळका स्पंज अर्धा कापून
त्या टाकीत लावला, वर दुसरा अर्धा पिळला.
तपकिरी पाणी धुरासारखं उतरलं.
"हे विरजण," मी म्हटलं.
त्यानं नाक मुरडलं. मग वाकून नीट बघितलं.

आज अकरावा दिवस. परीक्षानळीत थेंब टाकते:
जांभळा. अजून जांभळाच.
रोज थोडं पाणी बदलते. सार्जंट काचेशी येतो,
मला दाणा समजतो.
टोबिनला फोटो पाठवला. उत्तर आलं: तो जाड झालाय का?

सकाळी पुन्हा क्रमांक चार.
जाळ्यात एक दिसला, शेपटीला पांढरा ठिपका.
असतातच असे. शंभरात दोन-तीन.
लॉयल म्हणाला, "दार्का, थांबलीस का?"
बोटं गारठलीत, मी म्हटलं,
आणि जाळं पिंपावर पालथं केलं.

हाताचा लवंगेचा वास
साबणानं जात नाही.
सार्जंटला दाणे टाकण्याआधी
कोपरापर्यंत तीनदा धुते.