डीपी

रात्री पावणेदोनला मी मुंजाजीला लिहिलं,
तुझा बाप बी असाच पाकिटावर विकल्या गेल्ता.
हात थरथरत होता,
अंगठा नाही.

त्याच्या बापानं मला सायकल शिकवली,
सेलूच्या मोंढ्यात, कापसाच्या गाड्यांमधून,
मागून कॅरिअर धरून.

ग्रुपवर बारा जणांनी हसरी तोंडं टाकली.
दहावी ब, सगळे ओळखीचे.
मुंजाजीचं नुसतं टायपिंग… टायपिंग…
मग तेही थांबलं.

प्रचाराला दोन दिवस उरलेले.
सकाळी डीपी उडाली.
मोबाइलवरच्या आम्हा दोघांच्या शाबूत होत्या,
आपापल्या झेंड्यात गुंडाळलेल्या.
ही कोपऱ्यावरची, खांबावरची.
बेचाळीस डिग्री. लेकरं उघडी दारात.

दुरुस्तीला मुंजाजीच आला.
दुसरं कोण येणार?
शिडी मी धरली, कुणी सांगितलं नव्हतं.
वरून म्हणाला, पक्कड.
दिली.
खाली बघितलं नाही त्यानं.
त्याच्या चपलेची माती माझ्या डोक्यावर पडत राहिली,
मी झटकली नाही.

पंखे फिरले. घराघरातून होऽऽ उठलं.
तो उतरला, हात पँटला पुसले,
माझ्या खिशाकडं बघून म्हणाला,
आली लाइट.
लाव चार्जिंगला.