खरवड

कीथलीच्या चढावर, शेवटून तिसरं दार.
मंगळवारी आणि शुक्रवारी, नवाच्या सुमारास
मी सुग्राबीबीच्या डाव्या पायाची पट्टी बदलते.
जखम अंगठ्याखाली. रुपयाएवढी होती,
आता चार आण्यांवर आली आहे.
(वीस वर्षं झाली, तरी इथली नाणी
मोजमापाला माझ्या तोंडी येत नाहीत.)

बोट टोचते, थेंब घेते.
चौदा पूर्णांक दोन.
इकडे साखरेचं मापच वेगळं, आकडे लहान,
म्हणून लोकांना भीतीही लहान वाटते.
मी मनात अठरानं गुणते आणि मग घाबरते.
"बीबीजी, काय खाल्लंत?"
"कुझ नईं, धीए. रोटी. जरा दाल."
आणि ओठाच्या कोपऱ्यात एक तपकिरी कण
साक्षीला उभा.

गॉजसाठी मी खोका उघडला.
माझाच खोका, दवाखान्याचा, वर छापलेलं: निर्जंतुक.
पट्ट्यांच्या दोन थरांखाली चांदीचा कागद,
कागदात ढोडा.
तुपानं कडेचं गॉज पिवळं झालेलं.

मग ती बोलतच सुटली.
खुशाबचा आहे, पुतण्यानं मोज्यांत गुंडाळून आणलाय.
गहू भिजवायचे, मोड आणायचे, वाळवून दळायचे,
दूध आटेस्तोवर हात थांबवायचा नाही,
थांबला की संपलं.
नवरा लोकरीच्या गिरणीत रातपाळीला होता तेव्हा
तिनं इथंच एकदा करून पाहिला होता,
दारातल्या बाटल्यांचं दूध, एकूण अकरा बाटल्या,
गहू त्याच्या जुन्या बनियनमध्ये बांधून
गरम पाण्याच्या नळापाशी टांगलेले.
बाळ रडलं म्हणून ती उठली.
सगळा करपला.
घरमालकीण जिना चढून आली, नाक दाबून.
करपलेलासुद्धा खाल्ला आम्ही, ती म्हणाली,
पाच दिवस.

"तू खाऊन बघ. मग घेऊन जा, फेकून दे."

मी ड्यूटीवर काही खात नाही.
खाल्ला.

भूमजवळ आमची खव्याची भट्टी होती.
चांगला खवा केळीच्या पानात बार्शीला जायचा,
आम्हा तिघी बहिणींना कढई.
तळाला धरलेलं, लालसर, किंचित कडू,
त्यासाठी एकमेकींचे केस ओढलेले.
मधलीच्या कपाळावर उलथन्याचा व्रण अजून आहे.
मी इंजेक्शन द्यायला शिकले, तिकिटं काढली,
दुधाला पावडर म्हणायची वेळ आली तेव्हाही हसले,
पण ती चव कुठल्याच दुकानात नव्हती,
कारण ती विकायची नव्हतीच कधी.
"आमच्याकडे खरवड म्हणतात," मी म्हणाले.
"खुरचन," ती म्हणाली.
आणि बोटांनी हवेत कढई खरवडली,
खर्र, खर्र.
आवाजाचं भाषांतर लागलं नाही.

वहीत लिहिलं: जखम कोरडी, कडा लाल नाहीत.
आहाराबद्दल समजावले.
कोणी कोणाला, असा रकाना त्या कागदावर नाही.

पुडी मी जप्त केली, अगदी कडक चेहऱ्यानं.
उताराच्या तळाशी पहिला सिग्नल, तिथं कोपरा मोडला.
दुसऱ्या सिग्नलला लाल बराच वेळ राहिला.
आरकडच्या बेंथम आजोबांच्या दारात गाडी लावली
तेव्हा कागद चाटून सपाट करत होते.

शुक्रवारी नऊ पूर्णांक आठ.
शाबास म्हणाले, खरंच मनापासून.
खोक्यात फक्त गॉज.
सुग्राबीबी पाय माझ्या मांडीवर देऊन
बराच वेळ माझ्याकडे बघत राहिली,
मग पदरासारखी ओढणी पुढे घेत, हळूच:
"ते फेकलंस ना, धीए?"

"हो."

"मग मंगळवारी घरी जाऊन काय खाल्लंस?"

कुझ नईं, बीबीजी.
रोटी. जरा दाल.