हंसपद

भाऊंचा नातू पाटी घेऊन दुकानात आला.
म्हणाला, छब्बीरचाचा, पुढे 'माजी' लिहायचंय.

पाटी माझ्याच हातची. सागाची.
पहिल्या विजयाच्या आठवड्यात रंगवलेली,
काठापासून काठापर्यंत भरलेली:
खासदार ओंकार तोताराम झांबरे.
डावीकडे जागा सोडावी लागेल
हे तेव्हा कोणाच्या डोक्यात होतं?

सावद्याच्या भिंतींवर हे नाव मी आठ वेळा लिहिलं.
आधी चुना, मग निळीची रेघ,
अनुस्वार सगळ्यात शेवटी, श्वास धरून.
चिन्हं बदलली, तीन.
एकदा तर रात्रीतून.
कंदील घेऊन एकोणीस गावांच्या भिंती पुसल्या
आणि नावाला ब्रश लागू दिला नाही.

दिल्लीत त्यांनी काय केलं, मला नाही सांगता येणार.
केळीच्या वॅगनी स्टेशनात थांबायच्या, ते भाऊंमुळे, म्हणत लोक.
पुढे थांबेनाशा झाल्या, तेही भाऊंमुळे.
सातपुड्याच्या पायथ्याला, आमच्या तडव्यांच्या पाड्याला
रस्ता देतो म्हणाले होते पहिल्या सभेत.
आठव्या सभेतही म्हणाले.
टाळ्या आम्ही दोन्हीदा वाजवल्या.

सात महिने राज्यमंत्री होते.
लाल दिव्याची गाडी तापीच्या पुलावर बंद पडली
तेव्हा ढकलणाऱ्यांत मी होतो.
भाऊ उतरले, धोतर खोचलं,
माझ्या शेजारी डिकीला हात लावला.
हे कुठल्या पेपरात आलं नाही.

आता जळगावहून फ्लेक्स छापून येतात,
नुसते चेहरे.
अक्षराकडे बघतं कोण?

पाटी घेऊन मीच गेलो शेवटी.
ओट्यावर बसले होते,
मागे दिल्लीच्या ट्रंका, दोऱ्याही सोडलेल्या नाहीत.
म्हटलं, भाऊ, जागा नाई रायली.

बराच वेळ बघत राहिले पाटीकडे.
दिल्लीच्या आधी ते आमचे मास्तर होते, चौथीला.
शुद्धलेखनात सुटलेला शब्द
कुठे घालायचा, हे त्यांनीच शिकवलेलं,
लाल शाईने, कान धरून.

"हंसपद दे," म्हणाले.
"आन् वर लिही. बारीक नको लिहू, लोकायले दिसलं पाह्यजे."

रंग ओला होता तोवरच
त्यांनी सगळी ओळ मोठ्याने वाचली, एकदाच,
मग धोतराचा सोगा घेऊन
ओंकारच्या अनुस्वारावरची
धूळ पुसली.