हात ठेवून दहा मोज

उयुनीत सकाळी नऊपर्यंत
नळीतलं पाणी काठीसारखं ताठ असतं.
ट्रक पोतोसीहून पहाटे आलाय.
पाणी सुटेल तोवर लोखंड निवेल.
बॉनेट कलंडव, लिंबेर, आणि नुसतं बघ.

आता तळवा टेकव. दहा मोज.
आजीच्या भाषेत मोज, हुक, इस्काय, किम्सा, तावा,
त्या भाषेत घाई करता येत नाही.
दहाच्या आत हात उचललास
तर लोखंड अजून रागात आहे.
रागावलेल्यावर गार पाणी ओतलं की तडकतं.
एक तडकलेलं मी पाहिलंय.
तेवढ्यात वीस लामा आले असते.

बॅटरीची काळी तार सोड. काळी आधी.
पिशव्या आण, पावाच्या चालतील.
अल्टरनेटरला एक, हवा ओढणाऱ्या तोंडाला एक,
फ्यूजच्या डबीला दोन.
थंडीत तान्ह्याचे कान बांधतो तशा बांध.

पेट्रोलने धुवायचं नाही.
पलीकडच्या गल्लीतला फाउस्तिनो धुवायचा.
त्याची डावी भुवई तू कधी पाहिली नाहीस,
कारण ती नाहीच.

औषध खालून वर लाव.
बाटलीवर दहा मिनिटं लिहिलंय,
पण बाटली लिहिणाऱ्याला आपला वारा माहीत नाही.
सहा. सुकलं की पुन्हा चिकटतं, हट्टाने.
कोपऱ्यात दात घासायचा ब्रश घाल, माझाच जुना आहे,
मला आता चारच दात घासायचे असतात.

मग पाणी. लांबून.
पाणी घालायचं असतं, मारायचं नसतं.
रेडिएटरच्या पापण्या एकदा वाकल्या
की सुईने एकेक सरळ करत बसशील.
खाली परात सरकव. काळं पाणी
वाळवंटाकडे जाऊ द्यायचं नाही;
मीठ काहीही विसरत नाही.

थांब.
ब्रश उचल. तिथे, पंपाच्या वर.
गुलाबी. त्याच्या शेजारी पिवळा.
मला वाटलं रंगाचा पोपडा आहे.

कागदाचे टिकले आहेत ते.
ट्रक नवा होता, म्हणजे आमच्यासाठी नवा,
तेव्हा एलेउतेरिओने त्याला
कोपाकाबानाच्या देवळासमोर नेऊन उभं केलं होतं.
सगळे टिकले बाहेर उधळतात.
हा गडी बॉनेट उघडून आत उधळत होता:
काम तर हे करणार, मान चाकांना का?
वर बिअर ओतली. महिनाभर
चढावर ट्रकच्या श्वासाला वास यायचा.

एकोणीस वर्षं ग्रीसने झाकून ठेवलं.
मी शिव्या देत आले त्या ग्रीसला.

घास. घास म्हणते ना.
बघत काय बसलास, औषध सुकतंय.

पिशव्या सोड, हवेने फुंकून काढ,
वायरींच्या गाठीत पाणी लपतं, तिथे दोनदा.
काळी तार शेवटी. दे किल्ली.
वीस मिनिटं चालू दे, आपोआप वाळेल.

आणि हे बघ आलंच.
पंपाच्या मागून, केसाएवढं,
चमकत खाली उतरतंय.
मळ होता तोवर सगळंच गळत होतं,
आता एकच जागा गळते.

नाही, पुसू नकोस.
गुरुवारी चायापाताचा माणूस घ्यायला येईल,
त्याच्या हातात टॉर्च दे आणि बोट ठेवून दाखव.
हजार कमी करेल. करू दे.
रात्री तो याच्यासोबत एकटा घाट चढणार आहे.

ब्रश धुऊ नकोस अजून.
त्यात एक पिवळा अडकलाय.
इकडे दे.