धरणारी

पगाराचं आधी विचारलंस, ब्रियेल, बरं केलंस.
मी विचारलं नव्हतं.
एकोणीस वर्षांची होते, वाटलं होतं
मुक्या जनावरांवर प्रेम आहे म्हणजे झालं.
प्रेमावर ट्रकचे हप्ते फिटत नाहीत.
इथे तासाला जे मिळतं ते हायवेवरच्या दुकानातल्या
रात्रपाळीपेक्षा थोडंसंच जास्त,
आणि त्या दुकानात कुणी चावत नाही.

दोन वर्षांचा कोर्स, तुझा हा पहिलाच हिवाळा.
हाडांची नावं पाठ करशील, घोड्याची, मांजराची.
औषधाचं गणित करशील, किलोला किती मिलिग्रॅम,
आणि एक दशांशचिन्ह एक घर सरकलं
की ससा भुलेतून उठत नाही.
माझा उठला नव्हता. करडा होता.
त्याच्या मालकिणीचं नाव आठवतं, वय वर्षं आठ.
सशाचं आठवत नाही.

पुस्तकात नाही ते सांगते.
गाय घोड्यासारखी सरळ मागे लाथ मारत नाही,
बाजूला झाडते, तेव्हा बाजूला उभी राहून निर्धास्त होऊ नकोस.
मॅनिटोबाच्या जानेवारीत सलाइनची पिशवी
कोटाच्या आत, पोटाशी धरून न्यायची,
नाहीतर गोठ्यापर्यंत तिचा बर्फ होतो.
मांजर घाबरलं तर टॉवेल.
तू घाबरलीस तर मोज,
त्याचे श्वास, मिनिटाला किती.

आणि डॉक्टर नसणं शिकावं लागेल,
ते सगळ्यात अवघड.
निदान तू करायचं नाहीस, औषध तू लिहून द्यायचं नाहीस,
पण रात्री दोनला हिरड्या पांढऱ्या पडलेल्या
पहिल्यांदा तुलाच दिसणार.
फोन करून एवढंच म्हणायचं,
डॉक्टर, हिरड्या पांढऱ्या आहेत.
पुढचं वाक्य गिळायचं.
डॉक्टर चांगले असले तर विचारतात, तुला काय वाटतं?
आमचे विचारतात. अकरा वर्षांनी विचारायला लागले.

पुढे काय, म्हणालीस.
पुढे विनिपेगची मोठी इस्पितळं आहेत, प्रयोगशाळा आहेत,
भुलेचं काम आहे, त्यात डोकं लागतं आणि मानही मिळतो.
माझ्या वर्गात सव्वीस जणी होतो, दोन मुलगे.
सात उरलो.
जोलीन आता घरं विकते,
नाताळात भेटली तर तिचे हातच बघत बसले,
एक ओरखडा नाही.

आज सकाळी फेडोरुक म्हातारा कुत्री घेऊन आला,
घोंगडीत गुंडाळून, सोळा वर्षांची.
तू पाय भादरलास, गरजेपेक्षा वीतभर जास्त.
म्हाताऱ्या शिरा सुईखालून सटकतात,
मी कोपरापाशी अंगठा दाबून शीर फुगवली,
तुला पहिल्या खेपेला नाही सापडली, दुसऱ्या खेपेला सापडली.
म्हातारा छताकडे बघत होता.
डॉक्टरांनी औषध सोडलं.
छातीला नळी लावून म्हणाले, गेली.

गेलेल्याला धरून ठेवावं लागत नाही,
हे कोर्समध्ये आहे, धड्याचा क्रमांकही सांगू शकेन.
तू हात काढला नाहीस.
तो पार्किंगमध्ये इंजिन चालू करून बसला,
गाडी निघेना,
तेव्हा तू गळपट्टा घेऊन कोट न घालता धावलीस,
केस न झटकता, तसाच.

याला कुठल्याच परीक्षेत मार्क नाहीत.

जीव लावू नकोस म्हणणारे भेटतील.
लाव. फक्त हिशेबानं लाव,
महिनाअखेर थोडा उरला पाहिजे,
मला नाही उरला तीन वर्षं, त्याचं कधीतरी सांगेन, आज नको.

उद्या साडेसहाला ये. टोव्हच्या गोठ्यात
वासरू आडवं आहे बहुतेक.
मोजे दोन घाल.
आणि नखं काप.